हत्यारं दाराशी

ओगरने बिल बुडवलं तर काय करायचं, हा प्रश्न या पुस्तकाच्या मुळाशी आहे. नऊ-दहा फुटांचं धूड, एका बैठकीत बोकड फस्त करणारं, अक्कल बेताची आणि हातात झाडाचा बुंधा. त्याच्यासमोर उभं राहून ‘मागची उधारी बाकी आहे’ असं म्हणायची छाती कुणाची? आणि तशी छाती असलेलं कुणी तिथे असेल, तर त्याच्या पाठीशी कोण आहे, आणि ओगर त्याचं का ऐकून घेतो? याचं नीट उत्तर दिलं की मॉन्स्टरांचा गुत्ता उभा राहतो. नाही दिलं तर हातात उरते ती नुसती सजावट. भिंतीवर कवट्या, टेबलावर वितळलेल्या मेणबत्त्या, कोपऱ्यात बुरखा ओढून बसलेला एक गूढ इसम. अशी सजावट करून दिलेली पुस्तकं पुष्कळ आहेत. हे त्यांतलं नाही, म्हणून ही प्रस्तावना लिहायला मी राजी झालो.

ज्यांनी रोल-प्लेइंग गेम कधी खेळलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गेम मास्टर होतो. जग, त्यातली माणसं, जनावरं आणि हवापाणी त्याच्याकडे. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी दार ढकलतो’, ‘मी त्याला थाप मारतो’ असं तोंडाने सांगत खेळतात. जमेल की फसेल याची शंका असेल तिथे फासे पडतात. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही; गोष्ट पुढच्या रविवारी पुढे सुरू होते. छापील रूपात हा प्रकार पहिल्यांदा आला तो 1974 साली, ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून 1000 प्रतींची पहिली आवृत्ती निघाली.

या खेळातली असंख्य कथानकं सराईत सुरू होतात. ‘तुम्ही सगळे एका सराईत बसला आहात’ हे वाक्य इतकं झिजलंय की आता ते थट्टेनेच म्हटलं जातं. पण त्यामागे सोय आहे. एकमेकांना न ओळखणारी चार माणसं एकत्र यायला, कुणाकडून काम मिळायला, खऱ्याखोट्या बातम्या कानावर पडायला यापेक्षा बरी जागा सापडत नाही. टॉल्किनने 1954 साली आपल्या हॉबिटांना ब्री गावातल्या ‘प्रान्सिंग पोनी’त आणून बसवलं ते याच सोयीने. फ्रिट्झ लायबरच्या लांखमार शहरात ‘सिल्व्हर ईल’ होती. आर्नेसनच्या ब्लॅकमूरमध्ये ‘कमबॅक इन’ नावाची खट्याळ जागा होती. तिच्या दारातून बाहेर पडलं की माणूस पुन्हा आतच येऊन उभा राहायचा. गायगॅक्सच्या ग्रेहॉक शहरात ‘ग्रीन ड्रॅगन’, 1979 साली आलेल्या होमलेट गावात ‘वेलकम वेंच’. सीमेवरच्या किल्ल्याच्या प्रसिद्ध साहसात तर अफवांचा तक्ताच दिलेला होता. फासा टाकायचा आणि मिळेल ती अफवा खेळाडूला सांगायची. खरी की खोटी, ते फक्त गेम मास्टरला ठाऊक.

या सगळ्या सराया माणसांच्या. एल्फ, बुटका, हॉबिट एवढी पाहुणेमंडळी चालत, मॉन्स्टर दाराबाहेर. ही वाटणी फार जुनी आहे. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यात हेओरोट नावाचा राजाचा दिवाणखाना आहे. आत मद्य चाललंय, गाणं चाललंय, आणि बाहेर अंधारात ग्रेंडेल या मॉन्स्टरला तो आवाज सोसवत नाही. पहिल्याच रात्री तो आत घुसून तीस योद्धे उचलून नेतो. उजेड आणि दारू आतल्यांची, भूक आणि अंधार बाहेरच्याचा, अशी ती मांडणी. अमेरिकन लेखक जॉन गार्डनरने 1971 साली हीच गोष्ट ग्रेंडेलच्या तोंडून सांगितली. पण ग्रेंडेलला आत बोलावून बाकावर जागा द्यावी, हे त्यालाही सुचलं नाही.

खेळाच्या नियमांत मात्र ती शक्यता पहिल्या दिवसापासून होती, आणि ही गोष्ट नव्या खेळाडूंना सहसा कुणी सांगत नाही. 1974 च्या नियमांत मॉन्स्टर भेटला की तो कसा वागेल हे दोन सहाबाजू फाशांवर ठरवता येत असे. बेरीज 2 ते 5 आली तर वैर, 6 ते 8 आली तर चलबिचल, 9 ते 12 आली तर मनमोकळेपणा. गणित केलं तर उघड वैराची शक्यता 36 पैकी 10, मैत्रीचीही 36 पैकी 10, आणि उरलेल्या 16 वेळा समोरचा थांबून तुमच्याकडे बघतोय. म्हणजे बहुतेक वेळा बोलायला वाव होता. शिवाय त्या काळी पात्राला अनुभवाचे गुण मुख्यतः मिळायचे ते मिळवलेल्या सोन्याचे. मुडदे पाडण्याचे त्या मानाने किरकोळ. ऑर्कांच्या टोळीला गोड बोलून, लाच देऊन, त्यांच्या शत्रूशी झुंजवून खजिना हाती आला तर शहाणपण तेच. पुढे हे बदललं. सोन्याचे गुण मागे पडले आणि 2000 साली तिसरी आवृत्ती आली तोवर गुण प्रामुख्याने चकमकींवर मिळू लागले. ज्या कामाचे गुण, तेच काम लोक करतात. मग दिसला मॉन्स्टर की काप, ही सवय एका पिढीच्या अंगवळणी पडली आणि खेळ पहिल्यापासून असाच आहे असं वाटू लागलं.

मॉन्स्टर गिऱ्हाइकांचं चित्र सगळ्यांच्या डोळ्यांत ठसलं ते सिनेमामुळे. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मधलं मॉस आयस्लीचं कॅन्टीना आठवा. आपल्याला विचित्र मुखवटे आणि वाद्यवृंद लक्षात राहतो, पण त्या प्रसंगाची खरी ताकद तिथल्या कायद्यात आहे. दाराशीच कळतं की इथे यंत्रमानवांना मज्जाव. बारमध्ये एकाचा हात तुटून पडतो, क्षणभर सामसूम होते आणि बॅंड पुन्हा वाजू लागतो. थोड्या वेळाने हान सोलो एकाला बसल्या जागी गोळी घालतो आणि जाताना घाणीबद्दल बारवाल्याकडे नाणं फेकतो. कशाला बंदी आहे, कशाकडे काणाडोळा होतो आणि कशाचे पैसे पडतात, हे तीन प्रसंगांत समजलं. यंत्रमानवांची बंदी सोडली तर यातलं काहीच कुणी तोंडाने सांगितलेलं नाही.

टेबलावर मॉन्स्टरांची बाजू घेणारी शाखा याच सुमारास फुटली. केन सेंट आंद्रे याने 1975 साली ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ काढलं आणि लगेच 1976 मध्ये ‘मॉन्स्टर्स! मॉन्स्टर्स!’, ज्यात खेळाडूच मॉन्स्टर होऊन माणसांची गावं लुटायचे. तो सगळा वात्रटपणा होता. गंभीरपणे हे काम केलं ते ‘रूनक्वेस्ट’ हा खेळ काढणाऱ्या केऑसियम कंपनीने, 1982 च्या ‘ट्रोलपॅक’मध्ये. ट्रोल काय खातात (जवळपास काहीही), अंधारात त्यांना कसं उमगतं, त्यांच्या पोटी खुरटी, दुबळी पिल्लं का जन्मतात आणि त्या शापाने त्यांची देवधर्माची कल्पना कशी घडली, असं सगळं त्यात आहे. वाचून झाल्यावर ट्रोल मारता येतो, पण मारताना हात थोडा जड होतो. पुढे ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये 1988 साली ऑर्कांचा मुलूख रंगवणारं ‘ऑर्क्स ऑफ थार’ आलं, 1993 मध्ये मॉन्स्टर जातींची पात्रं करण्याचं पुस्तक आलं, 2004 च्या एबेरॉन जगात मॉन्स्टरांचं द्रोआम नावाचं आख्खं राष्ट्र आलं. यातल्या काहींचा दर्जा यथातथाच आहे.

तंत्राच्या अंगाने पाहिलं तर माझ्या मते सगळ्यांत मोलाची सराई या शाखेतली नाहीच. ती ‘वॉरहॅमर’ या दुसऱ्या रोल-प्लेइंग खेळातली. ग्रेम डेव्हिसचं ‘अ रफ नाइट अॅट द थ्री फेदर्स’ हे साहस 1987 साली ‘व्हाइट ड्वार्फ’ मासिकात आलं. नदीकाठची एक सराई, एकच रात्र, आणि वेगवेगळ्या खोल्यांत उतरलेल्या पाहुण्यांची एकमेकांत गुंतलेली कितीतरी लफडी. कुणाचा पाठलाग चाललाय, कुणी वेष पालटून आलंय, कुणी कुणाच्या जिवावर उठलंय. गेम मास्टरच्या हातात असतं एक वेळापत्रक. खेळाडूंनी काही केलं नाही तरी त्या त्या वेळी त्या त्या खोलीत ते ते घडणारच. खेळाडू जिन्यावर भलत्या वेळी आले की सगळ्यांची गणितं चुकतात आणि मजा सुरू होते. इथे सराई हा पडदा राहत नाही, ती चालू घड्याळासारखी गोष्ट पुढे ढकलते. अवघ्या काही पानांत हे साधलंय. तेव्हापासून सराईवर लिहिणारा प्रत्येक जण, कबूल करो न करो, या साहसाच्या उधारीवर जगतो.

दुसरी मोलाची जागा गेममधली नसून कादंबरीतली आहे. टेरी प्रॅचेटच्या अंख-मॉरपॉर्क शहरात ‘बिअर्स’ नावाचा बार आहे. 1996 च्या ‘फीट ऑफ क्ले’ आणि ‘हॉगफादर’ या दोन्ही कादंबऱ्यांत तो भेटतो. व्हॅम्पायर, लांडगेमाणसं, बागुलबुवा अशी मंडळी तिथे निवांत बसायला येतात, कारण बाकी शहरात त्यांना सतत सभ्यपणाचं सोंग वठवावं लागतं. आणि तिथे मिसेस गॅमेज नावाची एक म्हातारी येते. पूर्वी त्या जागी साधा बार होता, तेव्हापासूनचं तिचं हे येणं. नजर अधू झालेली, त्यामुळे आजूबाजूला कोण बसलंय याचा तिला पत्ता नाही. गिऱ्हाइकांनी तिला आपलं मानलंय. तिच्या वाटेला कुणी जात नाही, आणि बाहेरचा कुणी गेला तर त्याचं काही खरं नाही. या एका म्हातारीमुळे त्या बारचा सगळा कायदा आपल्याला न सांगता कळतो. आमच्या लेखकांनी ही युक्ती उचलली नाही, याबद्दल त्यांचे आभार. पण तिचा धडा त्यांनी घेतलाय, तो म्हणजे गुत्त्याची ओळख तिथल्या सगळ्यांत दुबळ्या गिऱ्हाइकावरून होते.

बाकीच्या प्रसिद्ध जागांचा नुसता उल्लेख पुरे. वॉटरडीपमधलं ‘यॉनिंग पोर्टल’, जिथे सराईच्या मधोमध विहीर आहे आणि एक सोन्याचं नाणं देऊन खालच्या भुयारात उतरता येतं. ‘प्लेनस्केप’मधलं सिगिल शहर, जिथे नरकातले आणि स्वर्गातले एकाच छताखाली पीत बसतात. 2023 च्या ‘बाल्डर्स गेट 3’ या संगणकीय खेळातली गॉब्लिनांची छावणी, जिथे दारू पिऊन कोंबड्या पकडण्याच्या खेळात घुबड-अस्वलाच्या पिल्लाला पळवतात. आणि अलीकडची ऊबदार लाट. ट्रॅव्हिस बाल्ड्री याच्या 2022 च्या ‘लेजेंड्स अँड लाटेज’मध्ये एक ऑर्क बाई तलवार टांगून कॉफीचं दुकान काढते. कादंबरी गोड आहे. तिच्या मागून आलेल्या गेम-पुस्तकांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्यांत मॉन्स्टरांचे सुळे इतके घासून गुळगुळीत केलेले असतात की ऑर्क म्हणजे हिरव्या रंगाचा शेजारी. ज्याच्यापासून काहीच धोका नाही त्याच्याशी तह तरी कशाला करायचा?

या पुस्तकाचा गुत्ता हा तह आहे. ‘मोडका सुळा’ असं त्याचं नाव. दोन राज्यांच्या सरहद्दीवर, कुणाच्याच हद्दीत नसलेल्या पुलाखाली तो बसवलाय. दारावर सूचनांची पाटी आहे, आणि ती वाचताना सदाशिव पेठेत आल्यासारखं वाटेल. हत्यारं दाराशी ठेवावीत. नखं, दात व शिंगं ही हत्यारं धरली जाणार नाहीत. वापरल्यास धरली जातील. आपले खाद्य आपल्याशी गप्पा मारू लागल्यास ते गिऱ्हाईक समजावे. अशा बारा ओळी आहेत आणि प्रत्येक ओळीमागे एक जुनं भांडण, एक मुडदा आणि एक तोडगा आहे. साहसाची बीजं त्यांतूनच निघतात.

लेखकांनी किती खोल विचार केलाय त्याचा एक नमुना देतो. दारावरचा पहारेकरी ट्रोल आहे. या खेळातल्या ट्रोलच्या जखमा आपोआप भरतात. ही कल्पना मुळात पॉल अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीतून उचललेली. ट्रोलला खरी भीती फक्त आगीची आणि आम्लाची. पण गुत्ता म्हटला की चूल आली. मग चुलीभोवती दगडी कठडा, ट्रोलचं स्टूल तिथून सगळ्यांत लांब, आणि चुलीतलं जळतं लाकूड उचलणारा हा तलवार उपसणाऱ्याच्या बरोबरीचा गुन्हेगार. स्वयंपाकी आणि ट्रोल यांच्यात बारा महिने धुसफूस, कारण स्वयंपाक्याने मनात आणलं तर इथली सत्ता एका पळीभर निखाऱ्यांनी उलटेल. एका प्राण्याच्या एका नियमातून खोलीचा नकाशा, नोकरांमधलं राजकारण आणि बंडाची शक्यता, तिन्ही निघाले. व्हॅम्पायरचंही तसंच. त्याला कुणाच्या राहत्या घरात बोलावल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. खालची बैठक सर्वांसाठी खुली, तेव्हा तिथे तो येतो. वरच्या खोल्या मात्र राहत्या धरल्या जातात, म्हणून माणसांना वरच उतरवतात आणि भाडं तिप्पट लावतात. रात्री पाणी मागायला दारावर टकटक झाली तर ‘या’ म्हणायचं नाही, हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही.

आपल्याकडचं एक गिऱ्हाईकही इथे भेटतं, जरा आडवळणाने. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये राक्षस 1975 पासून आहे. पण तो पुराणातून आलेला नाही. ‘कोल्चॅक: द नाइट स्टॉकर’ या अमेरिकन दूरदर्शन मालिकेच्या एका भागावरून गायगॅक्सने तो उचलला, ज्याच्यावर तुमचा भरवसा त्याचं रूप घेऊन तो जवळ येतो आणि मंतरलेल्या बाणानेच मरतो. 1977 च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याला वाघाचं डोकं, अंगात झगा आणि तोंडात पाइप देऊन साहेब करून टाकलं. मराठी वाचकाला हसू येईल. लेखकांनी तो बदलला नाही, आणि ते बरं केलं. गुत्त्यात रावणाच्या दरबारातला कुणी आणून बसवला असता तर सगळं अवघडून बसलं असतं. काही गिऱ्हाइकांना मात्र वकिलांमुळे प्रवेश नाही. 1977 साली टॉल्किनच्या हक्कदारांच्या हरकतीनंतर या खेळातले हॉबिट हाफलिंग झाले. 2000 साली खेळाच्या मालकांनी इतरांना वापरायला खुला परवाना दिला, पण बिहोल्डर आणि माइंड फ्लेअर असे काही खास प्राणी स्वतःपाशी राखून ठेवले. म्हणून ‘मोडक्या सुळ्या’त बिहोल्डर, म्हणजे अनेक डोळ्यांचा तो तरंगता गोळा, दिसणार नाही. तुमच्या घरच्या टेबलावर त्याला खुशाल बसवा.

हे पुस्तक आत्ता का हवं, याचं माझ्यापुरतं कारण भाषेत आहे. कुठली जात जन्मतःच दुष्ट असते का, हा वाद या खेळात बरीच वर्षं धुमसत होता आणि 2020 मध्ये मालक कंपनीनेच ऑर्क आणि ड्राउ (जमिनीखालचे एल्फ) यांच्या जुन्या चित्रणाबद्दल जाहीर भूमिका घेतली. 2024 च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये ऑर्क हा खेळाडूने निवडायच्या मंडळींत आला. हा वाद तिथला, तिथल्या वर्णद्वेषाच्या इतिहासातून आलेला. पण मराठीत खेळायला बसलं की तो आपल्या पायाशी येतो. ऑर्क बोलणार कसा? वॉरहॅमरवाल्यांनी आपल्या ऑर्कांना लंडनच्या कामगार वस्तीतली, फुटबॉलच्या हुल्लडबाजांची बोली दिली. मराठी गेम मास्टरची जीभही तशीच घसरते. एल्फ पुस्तकी, शुद्ध बोलतो आणि गॉब्लिनाच्या तोंडी हमखास गावाकडची बोली येते. कुणाच्या आजीची बोली आपण मॉन्स्टरच्या तोंडी घालतोय, याचा विचार कुणी करत नाही. या पुस्तकातला ओगर प्रमाण मराठी बोलतो, तीही अतिशय सावकाश आणि नम्रपणे, आणि त्यामुळे तो जास्त भीतिदायक वाटतो. शिव्यांचा मान मिळालाय तो शहरातून आलेल्या एका मानवी सावकाराला. माझ्या मते पुस्तकातली ही सगळ्यांत धाडसी निवड आहे.

सगळंच जमलंय असं नाही. मधल्या भागात फासे टाकून काढायच्या तक्त्यांचा अतिरेक झालाय. दारूच्या नशेचे शंभर परिणाम कुणाला हवेत? मारामारीचे नियम थोडे किचकट आहेत आणि ऐन गर्दीच्या रात्री ते चालवताना गेम मास्टरला घाम फुटेल. मी ते अर्धे गाळून खेळतो, काही बिघडत नाही. उलट उधारीची वही गाळू नका. कुणाचं किती देणं आहे, कशात फेडायचं आहे (नाणी, दात, एक खरी बातमी, एक रात्र पहारा), हे त्या वहीत आहे, आणि पहिल्या चार-पाच बैठका नुसत्या तिच्या जोरावर निघतात. खेळाडूंचं नाव त्या वहीत चढलं की ते पुन्हा येणार याची खात्री बाळगा.

पुस्तक कुठल्याही एका नियमावलीला बांधलेलं नाही. आकडे जिथे आहेत तिथे ते सहज बदलता येतात. नकाशे शेवटी जोडले आहेत आणि त्यांच्या झेरॉक्स काढायला लेखकांची परवानगी आहे. पाटी आणि दरपत्रक टेबलावर मांडून ठेवा, खेळाडूंना वाचू द्या. तळघराचा नकाशा मात्र त्यांच्या हाती लागू देऊ नका.